भीमसेन जोशींचं दुसरं काम

भीमसेन जोशींच्या गाण्यावर मराठीत आणि कानडीत इतकं लिहून झालंय की त्यात माझी भर नको. आज लिहायचंय ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. १९५३ पासून २००२ पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं, त्यांनी गुरूच्या नावानं पुण्यात एक महोत्सव भरवला. आपण त्याला पूर्ण नावानं कधी हाक मारत नाही. 'यंदा सवाईला येणार ना?' एवढंच विचारतो आणि समोरच्याला कळतं.

नोव्हेंबर उजाडला, कलाकारांची यादी आली, की आपल्याकडे ठरलेल्या चर्चा सुरू होतात. अमका का नाही, तमका परत कशाला, रात्र बंद झाली तेव्हाच सवाई संपलं, मैदान फार लांब गेलं. मीही त्यात असतो. पण हा महोत्सव चालवणं म्हणजे नेमकं काय होतं आणि त्यातलं काय भीमसेनांच्या हातात होतं, काय आपल्या, म्हणजे या शहराच्या हातात होतं, हे कुणी फारसं बोलत नाही. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात ज्यांच्या नावानं हे सगळं आहे त्यांच्यापासून करू. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १९ जानेवारी १८८६, गाव हुबळीजवळचं कुंदगोळ. गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याहून आलेले आणि पुढे मिरजेचे होऊन गेलेले खाँसाहेब. रामभाऊ मराठी संगीत रंगभूमीवर गाजले. बालगंधर्वांच्या काळात कुणाला 'सवाई' म्हणजे सव्वापट गंधर्व म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. मातृभाषा कानडी आणि नाव झालं मराठी नाटकात! पुढे पक्षाघातानं त्यांचं गाणं थांबलं आणि १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

पण त्यांनी मागे शिष्य ठेवले ते बघा. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू आणि भीमसेन. गंगूबाई हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला शिकायला जायच्या. दस्तूर मुंबईचे पारशी, लहानपणी वाडियांच्या बोलपटांत गाणारे. भीमसेन गदगकडचे. अकराव्या वर्षी गाण्यासाठी घरातून पळालेला हा मुलगा ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत भटकून शेवटी परत आला आणि १९३६ मध्ये घराजवळच्याच कुंदगोळला गुरूच्या दारी पोहोचला. तिथं पाणी भरलं, घरची कामं केली आणि मग शिकला. गुरूच्या साठीनिमित्त जानेवारी १९४६ मध्ये पुण्यात झालेल्या समारंभातल्या गाण्यानं तो लोकांच्या नजरेत भरला. गुरू गेले तेव्हा भीमसेन तीस वर्षांचे होते.

तीस. हा आकडा लक्षात ठेवा. आज आपण ज्यांना 'तरुण कलाकार' म्हणून दुपारच्या सत्रात बसवतो, त्या वयाचा गायक. स्वतःचं नाव अजून व्हायचं होतं. अशा वयात बहुतेक गायक स्वतःच्या मैफिली गोळा करण्याच्या मागे असतात. भीमसेनांनी गुरूच्या पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्तानं महोत्सव उभा करायचं काम हाती घेतलं. सोबत सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे होते, गंगूबाई आणि दस्तूर ही गुरुभावंडं होती. संस्थेचं नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. अब्दुल करीम खाँनी १९१३ मध्ये पुण्यात काढलेल्या शाळेचं नाव होतं आर्य संगीत विद्यालय. आजोबांच्या वाड्यातला दगड नातवंडांनी नव्या घराच्या पायात बसवावा, तसं मला ते नाव वाटतं.

आता १९५३ हे साल काय होतं ते पाहू, कारण त्याशिवाय या कामाचं वजन कळत नाही.

त्याआधीच्या शंभर वर्षांत मोठं गाणं प्रामुख्यानं दरबारात होतं. बडोद्यात सयाजीराव, कोल्हापुरात शाहू महाराज आणि त्यांच्या आश्रयाला अल्लादिया खाँ. विष्णू दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून गाणं लोकांपुढे आणलं. विष्णू नारायण भातखंड्यांनी १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, मग दिल्ली, बनारस, लखनौ इथं पुढच्या परिषदा झाल्या. देशातल्या उस्तादांना एका छपराखाली आणून बसवणं ही कल्पना भातखंड्यांचीच, म्हणजे एका मराठी वकिलाची. पण त्या परिषदांच्या मागे राजेरजवाडे आणि सरकारी बडी माणसं होती. बडोद्याची परिषद सयाजीरावांमुळेच होऊ शकली.

१९४९ पर्यंत कोल्हापूर गेलं, बडोदा गेलं. संस्थानं विलीन झाली आणि दरबारी गवयाचा पगार थांबला. मग आश्रयदाता कोण? एक होतं आकाशवाणी. १९५२ ला बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, त्यांनी रेडिओवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली. म्हणजे राजाच्या जागी सरकार आलं. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह आजही सरकारच भरवतं.

दुसरा मार्ग होता लोकांचा. जालंधरचं हरवल्लभ संमेलन १८७५ पासून चाललंय. कलकत्त्यात डोव्हर लेन १९५२ ला सुरू झालं. पुण्यात १९५३ ला सवाई. अहमदाबादचं सप्तक बरंच नंतर, १९८० मध्ये. या सगळ्यांत समान धागा हा की गाणं ऐकायची ज्यांना गरज आहे त्यांनीच ते भरवायचं. राजा नाही तर नाही, आपण आहोत.

पुण्याला याची सवय होतीच. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये काढलेला भारत गायन समाज होता, गणेशोत्सवातली गाणी होती, वाड्यांमधल्या बैठका होत्या. पण बैठकीला पन्नास-शंभर माणसं. सवाईनं जे केलं ते म्हणजे बैठकीचं गाणं हजारोंच्या मांडवात नेलं आणि तरी त्याची बैठक मोडली नाही. सुरुवात लहान होती. पुढे श्रोते वाढत गेले आणि शाळांची मैदानं लागली. आधी सदाशिव पेठेत रेणुका स्वरूप प्रशालेचं मैदान, मग रमणबाग. डिसेंबरची थंडी, पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या, शाली, थर्मास, मांडवाबाहेर वडे आणि चहा. हे चित्र तुम्हाला मी काय सांगू.

मला वाटतं, आयोजक म्हणून भीमसेनांचे तीन निर्णय सगळ्यात मोठे आहेत. त्यांनी ते कधी भाषणात मांडले म्हणून मी सांगत नाहीये. महोत्सव जसा चालला त्यावरून हे दिसतं.

पहिला निर्णय नावाचा. पन्नास वर्षांत भीमसेन कुठल्या कुठं गेले. १९७२ ला पद्मश्री, १९८५ ला पद्मभूषण, १९९९ ला पद्मविभूषण, २००८ ला भारतरत्न. अभंगवाणीनं ते घरोघर पोहोचले, 'मिले सुर मेरा तुम्हारा'नं ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही त्यांच्याही ओळखीचे झाले. या काळात सवाई गंधर्व हे नाव मात्र नव्या पिढीला केवळ महोत्सवामुळे माहीत राहिलं. त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका, तीन-तीन मिनिटांच्या. आपल्यातल्या कितीजणांनी त्या ऐकल्यात? तरी महोत्सवावर नाव गुरूचंच राहिलं. भीमसेनांचं नाव त्यात जोडलं गेलं २०११ मध्ये, २४ जानेवारीला ते गेल्यानंतर. स्वतःच्या हयातीत स्वतःच्या नावाचे पुरस्कार, चौक आणि नाट्यगृहं करून घेणाऱ्यांच्या राज्यात आपण राहतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसरा निर्णय घराण्याचा. किराणा घराण्याच्या गुरूच्या स्मृतीचा उत्सव, भरवणारे किराण्याचेच. हा एका घराण्याचा घरगुती कार्यक्रम सहज झाला असता. पण या मंचावर जयपूरचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर गायल्या. कुठल्याच चौकटीत न बसणारे कुमार गंधर्व आणि वसंतराव देशपांडे गायले. जितेंद्र अभिषेकी, मालिनी राजूरकर, जसराज आले. शिवकुमार शर्मांचं संतूर आलं, हरिप्रसादांची बासरी आली, झाकीरभाईंचा तबला आला, बिरजू महाराज नाचले. गाणाऱ्यानं दुसऱ्या गाणाऱ्याला आपल्या मंचावर बोलवायचं, तेही ज्याच्या गाण्यावर आपल्याच श्रोत्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडावा अशाला, हे वाटतं तितकं सोपं नाही. गवयांमधली चढाओढ आपल्याला माहीत आहे. आपल्या गाण्यावर भरवसा असलेला माणूसच हे करू शकतो.

तिसरा निर्णय क्रमाचा, आणि माझ्या मते यात आयोजक म्हणून त्यांची खरी जाण दिसते. रात्र-रात्र चालणाऱ्या महोत्सवाचा समारोप भीमसेन स्वतः करायचे. वरवर पाहिलं तर हा मान झाला. पण विचार करा. सगळ्यात मोठं नाव शेवटी ठेवलं की लोक शेवटपर्यंत थांबतात. थांबले की मधल्या प्रत्येकाला भरलेला मांडव मिळतो. संध्याकाळी सुरुवातीला गाणारा पोरगेला गायक, कुणी न ऐकलेली एखादी वादक मुलगी, यांना आयुष्यात पहिल्यांदा हजारो कान मिळायचे. त्यांतले बरेच कान पहाटेच्या भीमसेनांसाठी जागे असायचे, पण कान ते कानच. कितीतरी कलाकार 'सवाईला गायलो आणि महाराष्ट्रात नाव झालं' असं सांगतात, त्याचं गणित यात आहे.

आणि शेवटचं म्हणजे खरोखर शेवटचं नव्हतंच. भीमसेनांचं गाणं झालं की सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावायची, ही इथली प्रथा. जुन्या तबकडीची खरखर, त्यातून येणारा तो टोकदार, आर्त आवाज, आणि इतका वेळ दाद देणारा मांडव एकदम गप्प. सगळ्यांच्या नंतर, भीमसेनांच्याही नंतर, गुरू गाणार. महोत्सव कुणाचा आहे हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

हे त्यांना कुठून सुचलं असेल? मला उत्तर मिरजेत दिसतं. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलंय. तिथं उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येतात आणि गाऊन हजेरी लावतात. कुंदगोळलाही नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांची पुण्यतिथी गाण्यानंच साजरी होते. गुरूच्या जागी वर्षातून एकदा जायचं आणि गायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. सवाई महोत्सव मला त्याच रितीचं शहरी रूप वाटतो. म्हणून तिथं गायला जाणाऱ्या कलाकाराच्या बोलण्यात आजही 'सेवा' आणि 'हजेरी' हे शब्द येतात. आणि बघा, एका मुसलमान उस्तादाचा कानडी शिष्य, त्याचे कानडी आणि पारशी शिष्य, आणि उत्सव पुण्यात. १९५३ ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. तीन वर्षांनी राज्यांच्या सीमा बदलल्या, आपण अजून त्यावर भांडतोय. सवाईच्या मांडवातून ती सीमा कधी गेली नाही.

आता उत्तराधिकाराबद्दल. एका माणसाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या माणसाबरोबर संपतात, हे आपण पुष्कळ पाहिलंय. वाचनालयं, व्याख्यानमाला, नाट्यसंस्था, कितीतरी. संस्थापक शेवटच्या श्वासापर्यंत खुर्ची सोडत नाही आणि मग मागे खुर्चीच उरते. २००२ ला सवाईचं पन्नासावं वर्ष झालं. त्यानंतर भीमसेनांनी सूत्रं पुढच्या पिढीकडे दिली. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास जोशी आणि सवाई गंधर्वांचे नातू श्रीकांत देशपांडे यांनी काम हाती घेतलं. 'म्हणजे घरातच की' असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, तो प्रश्न रास्त आहे, आणि अशा संस्थांना तो विचारलाच पाहिजे. पण हातबदल भीमसेन असताना झाला, हेही तितकंच खरं. नव्या लोकांना चुका करायला, शिकायला आणि ज्येष्ठाला विचारायला आठेक वर्षं मिळाली.

त्या वर्षांचा उपयोगही झाला. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, महोत्सव डिसेंबरमध्ये होऊ शकला नाही, तो जानेवारी २०१० मध्ये झाला. वर्षभरानं भीमसेन गेले. २०११ चा डिसेंबर आला आणि महोत्सव झाला. बरीच वर्षं समारोपाची जागा डॉ. प्रभा अत्रे यांनी सांभाळली. त्या हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू मान्यांच्या शिष्या, आणि ही दोघं अब्दुल करीम खाँचीच मुलं. फिरून धागा तिथंच. १३ जानेवारी २०२४ ला प्रभाताईही गेल्या. मधे करोनानं २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं खाल्ली. २०२२ ला मांडव परत उभा राहिला आणि २०२४ ला सत्तरावा महोत्सव झाला. भीमसेनांचं आयोजक म्हणून यश मोजायचं तर मी याच आकड्यानं मोजेन. त्यांच्या आवाजाशिवाय महोत्सव चालू शकला. गायकाला हे ऐकायला कदाचित आवडणार नाही. आयोजकाला यापेक्षा मोठी पावती नाही.

इथपर्यंत भीमसेनांच्या हातातलं झालं. आता जे त्यांच्या हातात नव्हतं त्याबद्दल, म्हणजे रात्र आणि मैदान.

आधी रात्र. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी पक्की झाली. सवाईची रात्रभराची सत्रं संपली. तीन रात्रींच्या जागी चार-पाच दिवसांच्या दुपार-संध्याकाळी आल्या.

मी त्या निकालाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. रात्री आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला, दिवसभर राबून आलेल्याला झोप मिळाली पाहिजे. 'आमचं ते संगीत आणि बाकीच्यांचा तो गोंगाट' असं म्हणून स्वतःसाठी सवलत मागणं मला पटत नाही. डीजेच्या भिंतीला जो कायदा, तोच तानपुऱ्याला. कायदा असाच असायला हवा.

पण काय गेलं ते नीट समजून घेऊ. आपलं संगीत घड्याळाशी बांधलेलं आहे. दहानंतरचा बागेश्री, मध्यरात्रीचे मालकंस आणि दरबारी, मग सोहनी, आणि झुंजुमुंजू व्हायच्या वेळी ललित, भटियार, पुढे तोडी. रात्रभराच्या सत्रात हे राग आपापल्या वेळेला यायचे. पहाटे चारला कुडकुडत ऐकलेला ललित आणि दुपारी कानात बोंडं घालून ऐकलेला ललित, सूर तेच, पण गोष्ट एक नाही. आता जाहीर मैफिली बहुतेक संध्याकाळच्या, त्यामुळे पूरिया धनाश्री, मारवा, यमन यांच्यातच नवी पिढी फिरते. ललित, सोहनी मंचावर गायची संधी वर्षात किती वेळा येते? जो राग गायला जात नाही तो ऐकला जात नाही, आणि ऐकला गेला नाही की शिकवणाराही हळूहळू तो बाजूला ठेवतो. हे नुकसान एका महोत्सवाचं नाही.

यावर उपाय आहे का? आहे, आणि त्यासाठी कायदा मोडायची गरज नाही. त्याच नियमांमध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत, त्या आपण वाचतच नाही.

एक, बंदी खुल्या जागेतल्या ध्वनिक्षेपकाला आहे. प्रेक्षागृहासारख्या बंद जागेत, आवाज आतल्या आत राहत असेल तर रात्रीही चालतं. महापालिकेची स्वतःची नाट्यगृहं आहेत, स्वारगेटला गणेश कला क्रीडा मंच आहे. वर्षातली एक रात्र, फक्त एक, शहरातल्या संगीत संस्थांना मिळून अशी जागा द्यावी. भाडं परवडेल इतकं ठेवावं, मंचावर निम्मी नावं पस्तिशीच्या आतली असावीत आणि रात्री दहा ते सकाळी सहा नुसतं गाणं व्हावं. मांडवाएवढे श्रोते त्यात मावणार नाहीत, कबूल. पण सवाईसुद्धा लहानच सुरू झाला होता.

दोन, बंदी सकाळी सहाला संपते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना हे शहर अभ्यंगस्नान करून, नव्या कपड्यांत, वेळेच्या आधी जाऊन बसतं. म्हणजे पुणेकर गाण्यासाठी पहाटे उठत नाही असं नाही. सहाला सुरू होणारं सत्र असेल तर भटियार, रामकली, तोडी आपल्या वेळेला ऐकता येतील. डिसेंबरात सहाला अंधारच असतो.

आणि तिसरी गोष्ट नियमातल्या सवलतीची. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. जिल्हाधिकारी दरवर्षी त्या दिवसांची यादी जाहीर करतात. ती यादी कधी वाचलीय? या वर्षी वाचा. कुठल्या दिवसाला का सवलत मिळाली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. सणांना मिळू द्या. पण 'सांस्कृतिक' हा शब्द नियमात आधी लिहिलाय, तो कुणाच्या वाट्याला किती येतो हेही बघा.

आता मैदान. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या कटारिया हायस्कूलच्या मैदानावर होतो. पेठेतल्या कितीतरी वृद्ध श्रोत्यांचं रमणबागेला चालत जाणं संपलं, ही हळहळ मी पुष्कळ ऐकली. ती खरी आहे. दुसरीकडे सहकारनगर, बिबवेवाडीच्या लोकांना सवाई जवळ आलं, आणि २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत येते. शहर वाढतं तसं मांडव सरकणारच. मला काळजी वेगळी आहे. या सगळ्या प्रवासात महोत्सव कायम कुठल्या ना कुठल्या शाळेच्या मैदानावर राहिला. शाळांना मैदान मुलांसाठी लागतं, तो त्यांचा पहिला हक्क. मग पन्नास लाखांच्या घरातल्या या महानगरात, जे स्वतःला सांस्कृतिक राजधानी म्हणवून घेतं, चार-पाच दिवस हजारो माणसांनी शांतपणे गाणं ऐकावं अशी एक हक्काची सार्वजनिक जागा सत्तर वर्षांत का झाली नाही? पेठांमधली मैदानं कुठं गेली? विकास आराखड्यातल्या मोकळ्या जागांच्या आरक्षणांचं काय होतं? हा प्रश्न सवाईपुरता नाही. व्याख्यानमाला, पुस्तक प्रदर्शनं, बालनाट्यं, सगळ्यांचा आहे.

महोत्सव चालवणाऱ्याची कारकीर्द म्हटली की आपल्याला मंच, हार, कलाकारांचे फोटो दिसतात. खरं काम त्याच्या खालचं असतं. तारखा, परवानग्या, मैदान, वीज, कलाकारांचे रुसवे, तिकिटाचा दर असा की घडी घालून बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही परवडावा आणि हिशेबही जुळावा. हे करता करता, मधेच उठून, स्वतः जाऊन तोडी गायची आणि ती अशी गायची की लोकांनी वर्षभर पुरवून ठेवावी. भीमसेनांनी हे पन्नास वर्षं केलं. त्यांनी आपला वाटा पुरेपूर उचलला. शहराचा वाटा बाकी आहे.

महापालिकेचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी आपापल्या प्रभागातल्या प्रतिनिधीला, कार्यालयाला एक पत्र पाठवा. दोनच मागण्या: रात्रीच्या एका सत्रासाठी पालिकेचं सभागृह आणि कार्यक्रमांसाठी एक कायमचं राखीव मैदान. पाच ओळी पुरेत. मी माझं पाठवलंय, मसुदा हवा असेल त्यांनी खाली सांगा.

आणि ज्यांनी रेणुका स्वरूपच्या मैदानावरच्या रात्री जागवल्या आहेत, त्यांनी कमेंटमध्ये कुणाचं, कुठल्या वेळी, काय ऐकलं ते वर्षासकट लिहा. रागाचं नाव आणि घड्याळातली वेळ, एवढं लिहिलंत तरी चालेल. कुठला राग कुठल्या प्रहरी या शहरानं ऐकला होता, याची नोंद आपल्याशिवाय दुसरं कुणी ठेवणार नाही.